पायरेट्सची कार्डं हवीत ना, मग बॉक्स कशाला फोडता?

पत्र

नमस्कार. मी मूळचा सांगलीचा. 2013 च्या ऑगस्टमध्ये एम.एस. करायला पिट्सबर्गला आलो आणि इथलाच झालो. तोवर बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. त्याच वर्षी एक ऑक्टोबरला रूममेट्सनी काळा टी-शर्ट चढवायला लावला आणि पायरेट्स या इथल्या बेसबॉल संघाच्या पीएनसी पार्क मैदानाबाहेरच्या पुलावर नेऊन उभं केलं. तिकीट नव्हतंच. समोरच्या संघाच्या क्वेटो नावाच्या पिचरला (चेंडू टाकणाऱ्याला) डिवचणारा ‘क्वे-टो, क्वे-टो’ असा गजर आतून ऐकला आणि मी कायमचा पायरेट्सचा झालो.

दोनेक वर्षांपासून त्यांच्या खेळाडूंची कार्डं जमवायचा नाद लागलाय. पॉल स्कीन्स हा नवा पिचर आल्यापासून जरा जास्तच. महिन्याला कार्डांच्या बंद पाकिटांचा एखादा बॉक्स ठरलेला, कधी दोन; आत कोणती कार्डं ते फोडल्यावरच कळतं. घरात कार्डांचे ढीग झालेत आणि त्यात पायरेट्स मोजकेच. बायको म्हणते, हा सरळसरळ जुगार आहे. मेव्हणा म्हणतो, एकाच संघाच्या मागे काय लागलायस, मोठ्या खेळाडूंची कार्डं घे, ग्रेड करून (दर्जाचे गुण घेऊन) ठेव, पोराच्या कॉलेजला कामाला येतील. पोरगा नऊ वर्षांचा आहे, त्याला बॉक्स फोडण्यातच मजा येते. मला पायरेट्सचं ‘सगळं’ जमवायचं आहे. सुरुवात कुठून करू? संघ सोडून गेलेल्यांची कार्डं ठेवायची का? आणि बाकीच्या 29 संघांच्या ढिगाचं काय करू?

– पिट्सबर्गकर

उत्तर

पिट्सबर्गकर, वहिनींचं म्हणणं निम्मं खरं आहे. बॉक्स फोडणं हा जुगारच. कार्डं जमवणं मात्र जुगार नाही. तुमच्या घरात दोन्ही एकाच टेबलावर चालतं, म्हणून घोळ झालाय. तुम्हाला हवा आहे एक संघ आणि पैसे मोजताय तीस संघांचे.

हिशेब मांडू. टॉप्स या कार्डं छापणाऱ्या कंपनीच्या ‘सिरीज वन’ संचाच्या एका हॉबी बॉक्समध्ये साधारण दोन-अडीचशे कार्डं निघतात. संघ तीस. म्हणजे नशीब ना चांगलं ना वाईट असेल तर पायरेट्सची निघणार आठ. दुसरा बॉक्स फोडलात की पुन्हा आठ, पण त्यातली निम्मी आधीचीच. बॉक्सला शंभरावर डॉलर गेले. तीच आठ कार्डं सुटी घेतली असती तर स्कीन्ससारखा एखादा सोडल्यास दहा-पंचवीस सेंटला एक पडलं असतं. टपालखर्च धरूनही पाच डॉलरांत काम झालं असतं. उरलेले पैसे तुम्ही ‘कदाचित’ या एका शब्दाला दिलेत. कदाचित सही निघेल, कदाचित एकमेव असलेलं कार्ड निघेल.

त्या ‘कदाचित’ची ताकद मी कमी लेखत नाही. तुमच्या स्कीन्सचंच घ्या. 11 मे 2024 ला तो पहिल्यांदा मेजर लीगमध्ये, म्हणजे इथल्या सगळ्यात वरच्या पातळीवर, उतरला. त्या सामन्यात त्याच्या जर्सीवर पदार्पणाचा जो बिल्ला शिवला होता, तो काढून टॉप्सने एका कार्डात बसवला, त्यावर त्याची सही घेतली आणि ते एकुलतं एक कार्ड ‘क्रोम अपडेट’ या आपल्या दुसऱ्या एका संचाच्या पाकिटांत मिसळून टाकलं. लॉस एंजेलिसकडच्या एका अकरा वर्षांच्या मुलाला ते नाताळात मिळालं. पायरेट्सनी त्याच्या बदल्यात मैदानातल्या होम प्लेटमागच्या (फलंदाजाच्या मागच्या) दोन जागा तीस वर्षांसाठी देऊ केल्या होत्या. घरच्यांनी त्या नाकारल्या आणि मार्च 2025 मध्ये ते कार्ड लिलावात 11 लाख 10 हजार डॉलरला गेलं. अशी बातमी वाचली की आपलाही हात पाकिटाकडे जातो. पण त्या मुलाची बातमी झाली ती तो एकटाच होता म्हणून. त्याच वर्षी पाकिटं फोडून रिकाम्या हाताने उठलेल्यांची कोण बातमी करणार?

ऑनलाइन ‘ब्रेक’चंही असंच. तिथे कोणीतरी कॅमेऱ्यासमोर बॉक्स फोडतो आणि तुम्ही आधी पैसे भरून ‘पायरेट्सची जागा’ घेतलेली असते. वरवर बघता संघ जमवणाऱ्याच्या सोयीची गोष्ट. पण स्कीन्स आल्यापासून पायरेट्सच्या जागेचा भाव त्याच्या आशेवर ठरतो, आणि हातात येतात ती राखीव फळीतल्या पिचरची चार साधी कार्डं. लांब राहा.

आता मुद्द्याचं बोलतो. हरणाऱ्या संघाचा चाहता असणं हे संग्राहक म्हणून तुमचं भाग्य आहे. हसू नका. यांकीज किंवा डॉजर्सचा चाहता असतात, तर प्रत्येक साध्या कार्डालाही गिऱ्हाईक रांगेत उभं असतं. पायरेट्सनी 1993 पासून 2012 पर्यंत सलग 20 हंगाम जिंकण्यापेक्षा हरण्यात जास्त घालवले; अमेरिकेतल्या मोठ्या व्यावसायिक खेळांत एवढी लांब मालिका दुसऱ्या कोणाची नाही. त्या वीस वर्षांतल्या खेळाडूंची कार्डं आज लोकांच्या तळघरांत बुटांच्या खोक्यांतून पडून आहेत आणि ती कोणालाच नको आहेत. तुम्हाला हवी आहेत. कोणाला नको ते आपल्याला हवं असणं, यासारखा स्वस्त छंद नाही. तुम्ही मात्र स्कीन्सच्या मागे लागून त्या छंदातला सगळ्यात महागडा कोपरा पकडून बसला आहात.

‘सगळं’ हा शब्द आजच वहीतून खोडा. आजच्या काळात एका संघाचं सगळं कोणालाच जमवता येत नाही, कारण बनवणाऱ्यांनी ते जमणार नाही अशीच व्यवस्था केली आहे. एकाच खेळाडूचं एकच छायाचित्र साध्या कागदावर येतं, मग सोनेरी कडेचं, निळ्या कडेचं, चकाकणारं, पन्नासच छापलेलं, पाचच छापलेलं आणि शेवटी एकच छापलेलं. हे रंगीत भाऊबंद सगळे गोळा करणाऱ्याला इकडे ‘रेनबो’च्या मागे लागलेला म्हणतात. लागणाऱ्यांनी लागावं. तुमचा पगार आणि नऊ वर्षांचं पोर बघता, तुम्ही लागू नये.

त्यापेक्षा कुंपण घाला. माझं सुचवणं असं: 2013 ते आजपर्यंत, फक्त टॉप्सचा मुख्य संच, आणि त्यातही फक्त साधी कार्डं. हा संच वर्षात तीन हप्त्यांत येतो: हिवाळा सरता सरता सिरीज वन, उन्हाळ्यात सिरीज टू आणि हंगामाच्या शेवटाकडे अपडेट. प्रत्येक हप्त्यात पायरेट्सच्या वाट्याला साधारण दहा-बारा कार्डं. म्हणजे वर्षाला तीसेक आणि आजवरची सगळी मिळून चारशेच्या आसपास. एवढ्यात तुम्ही पिट्सबर्गला आल्यापासूनचे बहुतेक खेळाडू येतात. 2013 चा एमव्हीपी, म्हणजे सर्वोत्तम खेळाडू, अँड्र्यू मॅककचन येतो. तुम्ही पुलावर उभे होतात त्या रात्री क्वेटोच्या हातून चेंडू निसटल्यानंतर पुढच्याच पिचवर होमरन ठोकणारा रसेल मार्टिन येतो. दोन महिने खेळून कायमचे दिसेनासे झालेलेही येतात. स्कीन्सचं 2024 च्या अपडेटमधलं साधं रुकी कार्ड (पदार्पणाच्या काळातलं कार्ड) येतं. ते सुटं मिळतं, त्यासाठी बॉक्सची गरज नाही.

यादी ट्रेडिंग कार्ड डेटाबेस या संकेतस्थळावर संघ आणि वर्ष टाकलं की निघते. तिथेच आपल्याकडे काय आहे, काय नाही याची खूण करून ठेवता येते आणि अदलाबदलही होते. खरेदीला स्पोर्टलॉट्स आणि सीओएमसी बरे, कारण तिथे अनेक स्वस्त कार्डं एकत्र मागवता येतात. ईबेवर एकेक साधं कार्ड मागवाल तर कार्ड वीस सेंटचं आणि टपाल डॉलरभराचं, असा आतबट्ट्याचा व्यवहार होतो. तिथे ‘टीम लॉट’ शोधा: एका वर्षाचा अख्खा संघ, एका गठ्ठ्यात. आणि भाव बघायचा तो विक्रेत्याने मागितलेला नाही, तर प्रत्यक्षात विकला गेलेला. ईबेवर विकून झालेल्या वस्तू वेगळ्या दाखवायची सोय आहे, ती लावल्याशिवाय कोणाशी घासाघीस करू नका.

पण खरी मजा कार्ड शोमध्ये. पश्चिम पेनसिल्व्हेनियात शाळांच्या, चर्चच्या, अग्निशामक दलाच्या हॉलमध्ये शनिवार-रविवारी असे बाजार भरतात. काचेच्या पेटीतला माल बघून घ्या आणि पुढे सरका. टेबलाखालचे लांबलचक पांढरे खोके मागा, ‘डॉलर बॉक्स’ (कुठलंही कार्ड एका डॉलरला) किंवा ‘चार आण्यांचा’ म्हणावा असा क्वार्टर बॉक्स. दुकानदार स्थानिक असेल तर पायरेट्स वेगळे काढून ठेवलेले असतात. तास-दीड तास खाली मान घालून ती कार्डं चाळणं आणि मधूनच यादीतलं एखादं नाव सापडणं, यात जे सुख आहे ते बॉक्स फोडण्यात नाही, कारण इथे आपण काय शोधतोय ते आपल्याला माहीत असतं. लेकाला सोबत न्या. त्याच्या हातात पाच डॉलर आणि यादीचं एक पान द्या.

कुंपणाच्या आतलं झालं की मागे जायला मोकळे. आणि मागे पिट्सबर्गइतकी श्रीमंती फार थोड्या शहरांकडे आहे.

तिथे पहिलं नाव रोबेर्तो क्लेमेंते. त्याचं पहिलं टॉप्स कार्ड 1955 चं, आडवं, क्रमांक 164. ते महाग आहे, सोडून द्या. पण 1960 च्या दशकातली किंवा शेवटशेवटची, कोपरे झिजलेली कार्डं नोकरदार माणसाच्या आवाक्यात येतात. ती हातात घेतलीत की नाव वाचा. 1957 पासून 1969 पर्यंत टॉप्सने त्याला ‘बॉब क्लेमेंते’ करून टाकलं होतं. माणूस प्वेर्तो रिकोचा, नाव रोबेर्तो, त्याला ते ‘बॉब’ आवडत नसे, तरी बारा-तेरा वर्षं तेच छापत राहिले. ऑफिसात तुमच्या नावाचंही असंच काहीतरी करून ठेवलं असेल, तर एक तरी ‘बॉब’ कार्ड तुमच्याकडे असलंच पाहिजे. दुसरं घ्या 1973 चं, क्रमांक 50. 30 सप्टेंबर 1972 ला त्याने तीन हजारावा हिट मारला. 31 डिसेंबरला निकाराग्वाच्या भूकंपग्रस्तांसाठी मदतीचं सामान घेऊन निघालेलं त्याचं विमान समुद्रात पडलं. कार्ड बाजारात आलं तेव्हा तो नव्हता. मागे कारकिर्दीचे आकडे आहेत आणि हिट्सच्या रकान्यात बरोबर 3000. पीएनसी पार्कची उजवीकडची भिंत 21 फूट उंच का, हे लेकाला माहीत नसेल तर हे कार्ड दाखवून सांगा: त्याच्या जर्सीचा क्रमांक 21 होता.

होनस वॅग्नरबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण मनात असणार. शहराला खेटून असलेल्या कार्नेगीचा हा जुना पायरेट. 1909 ते 1911 मध्ये सिगारेटच्या पाकिटांतून आलेल्या टी-206 संचातलं त्याचं कार्ड लवकरच थांबवलं गेलं. कोणी म्हणतं मुलांनी तंबाखू विकत घेऊ नये म्हणून त्याने हरकत घेतली, कोणी म्हणतं पैशावरून बिनसलं. आज साठेक प्रती उरल्याचं मानतात आणि 2022 मध्ये एक 72 लाख 50 हजार डॉलरला गेली. गॅरेज सेलमध्ये, जुन्या ट्रंकेत, कोणाच्या आजोबांच्या बायबलात ‘वॅग्नर’ सापडल्याचं कोणी सांगितलं तर चहा घ्या आणि निघा. त्याच्या नकला ढिगाने छापल्या गेल्या आहेत.

पण त्याच संचात वॅग्नरचे सवंगडीही आहेत आणि त्यांची आठवण कोणालाच होत नाही. 1909 मध्ये टाय कॉबच्या डेट्रॉइटला हरवून पायरेट्सनी वर्ल्ड सिरीज जिंकली. तेव्हाचा कर्णधार-व्यवस्थापक फ्रेड क्लार्क, मैदानात चपळ म्हणून नाव असलेला टॉमी लीच, पिचर विक विलिस. यातलं लीचसारखं एखादं मळकं, दुमडलेलं कार्ड शंभरेक डॉलरच्या आसपास मिळून जातं, म्हणजे तुमच्या एका बॉक्सच्या किमतीत. आगपेटीहून थोडं मोठं, मागे पीडमाँट किंवा स्वीट कॅपोरल सिगारेटची जाहिरात, आणि पुढे खाली खेळाडूच्या नावाशेजारी शहराचं नाव शेवटच्या ‘एच’शिवाय. छापखान्याची चूक समजू नका. 1890 च्या सुमारास सरकारी मंडळाने तो ‘एच’ काढून टाकला होता, 1911 मध्ये शहराने भांडून परत मिळवला. हे कार्ड त्या मधल्या काळातलं. पुढच्या महिन्याचा बॉक्स घेण्याआधी एवढा विचार करा, की त्याच पैशात अशी एक शतकाहून जुनी वस्तू घरात येऊ शकते.

दुसऱ्या टोकाला, चिल्लर पैशात गंमत हवी असेल तर 1987. त्या वर्षीचं टॉप्स म्हणजे लाकडी फळीसारखी कड असलेली 792 कार्डं. त्यात 320 क्रमांकाला काटकुळा, कोवळा बॅरी बाँड्स पायरेट्सच्या गणवेशात. इतकी भरमसाट छापली गेली की आजही काही डॉलरांत मिळतं. त्याच वर्षी डॉनरस या दुसऱ्या कंपनीने ‘ओपनिंग डे’ नावाचा खोक्यातला संच काढला. त्यात बाँड्सच्या कार्डावर, क्रमांक 163, चुकून दुसऱ्याच पायरेटचा, जॉनी रेचा, फोटो लागला. चूक लगेच सुधारली. पांढऱ्या जर्सीतला माणूस दिसला तर तो रे, म्हणजे चुकीचं आणि दुर्मीळ. काळ्या जर्सीतला असेल तर तो खरा बाँड्स आणि साधं. हे न फोडलेले संच बाजारात स्वस्तात फिरत असतात, आणि इथे मात्र थोडा जुगार खेळलात तर मी वहिनींना सांगणार नाही.

आता मेव्हण्यांकडे. त्यांना दुखवू नका, पण ऐकूही नका. त्यांच्या डोळ्यांसमोर 1952 च्या टॉप्समधला मिकी मँटल असणार, जो 2022 मध्ये 1 कोटी 26 लाख डॉलरला गेला. तो एवढा महाग का झाला? कारण ती कार्डं कोणी गुंतवणूक म्हणून ठेवलीच नव्हती. पोरांनी सायकलच्या आऱ्यांत खोचली, आयांनी साफसफाईत फेकली. टॉप्सने तर न खपलेली खोकी 1960 मध्ये बोटीवर घालून समुद्रात बुडवली. त्यातून जे वाचलं ते मोलाचं झालं. मग 1980 च्या दशकात लोकांना अक्कल आली की ही कार्डं महाग होतात. लाखो घरांनी पोरांच्या कॉलेजसाठी, अगदी मेव्हण्यांसारखाच विचार करून, बॉक्सच्या बॉक्स जपून ठेवले. कंपन्यांनीही मागाल तेवढे छापले. आज त्या काळाला ‘रद्दीचा काळ’ म्हणतात. सगळ्यांनीच जपली, म्हणून कोणाचीच मोलाची राहिली नाहीत.

उगवत्या खेळाडूंवर पैसे लावण्याचं तर आणखीच अवघड. टॉप्सच्याच ‘बोमन’ नावाच्या संचात मेजर लीगमध्ये न पोचलेल्या पोरांची कार्डं येतात आणि भाव आकाशाला भिडतात. तुम्ही इथे होतात तेव्हाच, 2014 च्या उन्हाळ्यात, ग्रेगरी पोलँकोवरून शहरात काय चाललं होतं आठवा. आता त्याची कार्डं डॉलर बॉक्समध्ये सापडतात. सध्या कॉनर ग्रिफिनचा बोलबाला आहे. पोरगा गुणी आहे, त्याने नाव काढावं. पण त्याचं साधं रुकी कार्ड टॉप्सच्या संचात येईल तेव्हा घ्या, तुमच्या यादीत ते आपोआप बसेलच. संघ जमवणाऱ्याला भविष्य ओळखावं लागत नाही, ही केवढी सोय.

ग्रेडिंग म्हणजे पीएसएसारख्या कंपनीकडे कार्ड पाठवायचं, ते कोपरे, कडा, पृष्ठभाग आणि छपाईचा मध्य तपासून एक ते दहा गुण देतात आणि प्लास्टिकच्या सीलबंद पाटीत घालून परत करतात. कार्डामागे वीस-पंचवीस डॉलर, कधी त्याहून जास्त. तुमच्या यादीतल्या बहुतेक कार्डांची किंमत त्या खर्चाच्या जवळपासही नाही. एक अपवाद: क्लेमेंतेसारखं जुनं, महाग कार्ड घेणार असाल तर आधीच ग्रेड झालेलं घ्या. गुण कितीही कमी असोत, ते अस्सल आहे आणि कोणी कडा कापून ‘सुधारलेलं’ नाही याची खात्री मिळते. बाकी आपण ग्रेडिंगला पाठवायच्या भानगडीत पडू नका.

संघ सोडून गेलेल्यांची कार्डं ठेवायची का, हा प्रश्न दोन पायरेट्सप्रेमी एकत्र आले की हमखास भांडण लावतो. माझा नियम सरळ आहे: कार्डावर जो गणवेश, त्या संघाचं कार्ड. जायंट्सच्या जर्सीतला बाँड्स कितीही मोठा असो, तो सॅन फ्रान्सिस्कोचा. मॅककचन 2018 मध्ये जायंट्सकडे गेला तिथून 2023 मध्ये परत येईपर्यंतची कार्डं संग्रहाबाहेर. फार जीव असेल तर एक वेगळं पान करा, त्याला ‘माहेरी आलेले’ म्हणा आणि विषय संपवा. एक खाच मात्र ध्यानात असू द्या. सिरीज वन हिवाळ्यात छापली जाते, त्यामुळे डिसेंबर-जानेवारीत विकला गेलेला खेळाडू कधी जुन्याच टोपीत दिसतो, तर कधी नवी टोपी संगणकावर रंगवून डोक्यावर बसवलेली असते. पूर्वी तर हे काम कुंचल्याने चालायचं आणि काही टोप्या बघून हसू आवरत नाही. असली कार्डं तर आवर्जून ठेवा. आणि पनिनीची कार्डं घेताना नीट बघा: त्या कंपनीकडे मेजर लीगच्या बोधचिन्हांचा परवाना नव्हता, त्यामुळे टोपीवरचं सोनेरी ‘पी’ पुसलेलं असतं. संघ जमवणाऱ्याने बिनचिन्हाचं कार्ड घ्यावं का? मी घेत नाही.

जाता जाता दोन भारतीय नावं लिहून ठेवा: रिंकू सिंग आणि दिनेश पटेल. उत्तर प्रदेशातले भालाफेक करणारे हे दोघे 2008 मध्ये एका टीव्ही स्पर्धेतून निवडले गेले आणि पायरेट्सनीच त्यांना करारबद्ध केलं. मेजर लीगपर्यंत कोणी पोचलं नाही. रिंकू पुढे कुस्तीच्या रिंगणात वीर महान म्हणून गाजला. त्यांचं पायरेट्सच्या गणवेशातलं काही हाताशी लागलं तर कुंपण जरा वाकवायला हरकत नाही.

लेकाची बॉक्स फोडायची हौस एकदम मोडू नका, तो रुसेल आणि दोष वहिनींवर येईल. हंगामाच्या पहिल्या दिवशी एक बॉक्स, दोघांनी मिळून, आणि खर्च घरखर्चाच्या वहीत मनोरंजनाखाली, सिनेमाच्या तिकिटांशेजारी. त्यात स्कीन्स निघाला तर तो पोराचा. तुमच्या संग्रहाचं महिन्याचं बजेट वहिनींसमोर ठरवा आणि त्याचा आकडा आजच्या बॉक्सच्या निम्म्याहून खाली ठेवा. सुट्या कार्डांना त्यातलेही पैसे उरतील.

ठेवायचं कसं, ते थोडक्यात. नऊ खणांची प्लास्टिकची पानं, पाकिटावर पीव्हीसी नाही असं लिहिलेली, आणि डी आकाराच्या कड्यांचा बाइंडर. गोल कड्या शेवटच्या पानावरची कार्डं वाकवतात. महाग असेल ते आधी पातळ पिशवीत आणि मग कडक प्लास्टिकच्या टॉपलोडरमध्ये. रबरबँड अजिबात नाही. आणि तळघरात नाही! पिट्सबर्गच्या तळघरांतली ओल तुम्हाला मी काय सांगावी.

राहिला ढीग. तो फेकू नका, ते तुमचं चलन आहे. तुम्हाला जसे पायरेट्स हवेत तसा क्लीव्हलंडमध्ये कोणीतरी गार्डियन्सच्या मागे असतो, आणि त्याच्याकडे नको असलेल्या पायरेट्सचा ढीग असतो. आधी संघवार वेगळे करा. हे काम लेक आनंदाने करील. मग डेटाबेसवर ‘माझे सगळे टायगर्स घ्या, तुमचे पायरेट्स द्या’ अशा अदलाबदली सुरू करा. कोणालाच नको असलेली उरतील ती हॅलोवीनला चॉकलेटसोबत पाच-पाच वाटा. टपालाने पाठवताना कार्डं पातळ पिशवीत, मग टॉपलोडरमध्ये, दोन्ही बाजूंनी पुठ्ठा आणि बबलचं पाकीट. टॉपलोडरच्या तोंडावर साधी सेलोटेप लावू नका, रंगारी वापरतात ती निळी टेप लावा आणि तिचं एक टोक दुमडून ठेवा, म्हणजे समोरच्याला नखाने खरवडत बसावं लागत नाही.